आजोबांच्या कपाटात 1950च्या सुमाराचा एक इंची टोपो नकाशा (जमिनीचे चढउतार, ओढे दाखवणारा) सापडला. त्यावरून आमच्या शेताची हद्द सिद्ध होईल का?

नाही होणार. एक इंचाला एक मैल, म्हणजे 1:63,360. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर बत्तीस मीटर रुंद होते, त्यात तुमचा बांध कुठे शोधणार? भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा आणि मोजणीचा अर्ज करा.

पण नकाशा परत कपाटात टाकू नका. त्यात ओढे बघा.

दादाने शहराच्या कडेला प्लॉट घेतला तेव्हा माझ्याकडे त्या भागाचा असाच भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा होता. आज जिथे कॉलन्या आहेत तिथे सगळा पिवळा रंग, म्हणजे लागवडीची जमीन. त्या पिवळ्यातून एक बारीक काळी रेघ वळणं घेत नदीला मिळत होती. काळी म्हणजे पावसाळी ओढा, बारमाही असता तर निळा दाखवला असता. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, तिथे येऊन टोकदार वळत होत्या आणि टोकं चढाकडे होती. टोक चढाकडे म्हणजे घळ, उताराकडे म्हणजे सोंड, डोंगराची पुढे आलेली धार. मी दादाच्या हातात भिंग दिलं. तो म्हणाला, "अगं, सगळं सपाट आहे तिथे. तुला जमिनीतलं काय कळतंय?" सपाट होतं, कारण वर मुरूम टाकला होता.

तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरलं. सकाळी मी गेले तर गाळाचा पट्टा कंपाउंडच्या एका कोपऱ्यातून आत येऊन दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर पडला होता, थेट नकाशातल्या वळणासारखा. दादा अजून म्हणतो की गटार तुंबलं होतं. तुंबलं असेलही, पण पाण्याने वाट तीच का धरली?

तुमच्याकडे वाटणीचं चाललं असेल तर हद्दीवरून भांडण्याआधी हे बघा, आणि घरातली बहीण काही दाखवत असेल तर तिचं पूर्ण ऐकून घ्या.

एक राहिलं. समासात सर्वेक्षणाचं साल वाचा. छपाईचं साल वेगळं असतं, पाहणी त्याच्या कितीतरी आधीची असू शकते. शिवाय या नकाशांवर समोच्च रेषा साधारण 50 फुटांनी असतात. दहा फुटांची खोलगट जागा त्यात येईलच असं नाही, म्हणून रेघ नाही तर पाणी नाही असं धरून चालू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की कागद सुटा होत नाही.