तार लावली, नेट नाही: लिनक्सवाल्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: लिनक्स मिंट टाकलं. लॅनची तार लावूनही नेट नाही. पुन्हा इन्स्टॉल करू का? (जुळे सोलापूर)

नका करू. आधी मागे वाकून बघा, पोर्टचा दिवा लागतो का? मग टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' (ip link) ही आज्ञा द्या. 'लो'ची (lo) ओळ सोडा, ती कॉम्प्युटरची स्वतःशीच असलेली जोडणी. 'ई-एन'ने (en) सुरू होणारं नाव तुमच्या लॅन कार्डचं. तिथे 'नो-कॅरिअर' (NO-CARRIER), म्हणजे तारेतून सिग्नल नाही, असं दिसलं, तर तार किंवा राउटरचं पोर्ट बदलून बघा, लिनक्सला दोष देऊ नका. कार्डाचं नावच नसेल तर बहुधा ड्रायव्हर बसलेला नाही. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा आणि त्या नेटवर नवं कर्नल (लिनक्सचा गाभा, बहुतेक ड्रायव्हर त्याच्यासोबतच येतात) घ्या.

प्रश्न: यंत्रमागाच्या कारखान्यातलं ऑफिस. राउटर नाही, केबलवाल्याची तार थेट कॉम्प्युटरला. विंडोजवर चालायचं, उबुंटूवर दिवा लागतो, पण 'कनेक्टिंग'वरच फिरत राहतं. (अशोक चौक)

विंडोजवर युजरनेम-पासवर्ड टाकून 'कनेक्ट' दाबत होतात ना? ते पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून नेट जोडायची पद्धत. उबुंटू मात्र डीएचसीपीने, म्हणजे लॉगिनशिवाय आपोआप, पत्ता मागत बसलंय आणि पलीकडे देणारं कोणी नाही. नेहमीच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय शोधत बसू नका, मिळणार नाही. टर्मिनलमधून 'एनएम-कनेक्शन-एडिटर' (nm-connection-editor) उघडा, अधिकचं चिन्ह दाबा, 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा, लॅन कार्ड दाखवा आणि तेच युजरनेम-पासवर्ड भरा. कॉम्प्युटरही नवा असेल तर केबलवाल्याला फोन करा. काहीजण जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्यालाच (कार्डाचा ओळख क्रमांक) लाइन बांधून ठेवतात. जोडणी झाली, पण काही साइट उघडतात आणि काही अर्धवट अडकतात? त्याच जोडणीच्या सेटिंगमध्ये एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ करा. १५०० बाइटांतले ८ पीपीपीओई स्वतःसाठी घेतं.

खरं तर साधा राउटर घेऊन लॉगिन त्यातच टाकलेलं बरं. शेठजींच्या मोबाइललाही नेट मिळेल. आणि मागांजवळचं ऑफिस म्हणजे पोर्टात कापसाचे तंतू साचणारच. मशीन बंद करून मऊ ब्रशने काढत जा.

प्रश्न: प्लॅन २०० एमबीपीएसचा, तारेवर ९४च्या पुढे जात नाही. (होटगी रोड)

टर्मिनलमध्ये 'ईथटूल' (ethtool) आणि पुढे कार्डाचं नाव टाका. स्पीड १०० दिसेल. १००ला तारेतल्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, १०००ला चारही लागतात. एखादी पिनेत नीट बसलेली नसेल. पिन पुन्हा क्रिंप करून घ्या. राउटरचं पोर्टच १००चं असेल तर मात्र राउटर बदला.

प्रश्न: ८.८.८.८ला (गूगलचा सर्व्हर) पिंग जातं, साइट एकही उघडत नाही. (विजापूर रोड)

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, अडलीय. कनेक्शनच्या सेटिंग्जमधल्या आयपीव्ही४च्या टॅबमध्ये डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१ लिहा, कनेक्शन एकदा बंद-चालू करा.