तिला सहा महिन्यांनी सलाईन, मग मला रोज गोळी का?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांच्या आजाराचे पेशंट समुपदेशनासाठी माझ्याकडे फार येत नाहीत, वर्षाला चार-पाच. पण आलेला जवळजवळ प्रत्येकजण फिरून फिरून एकच विचारतो, की अमक्या बाईला ते औषध लागू पडलंय मग मला दुसरंच का दिलं, आणि माझ्यासाठी नेमकं कुठलं हे एखाद्या टेस्टमध्ये कळत नाही का. मागच्या महिन्यात परत एकांनी हेच विचारलं म्हणून रेखाचं लिहितेय. नाव बदललंय, घरच्या काही गोष्टी पण बदलल्यात, आणि तिला आधी वाचून दाखवलंय.

रेखा २८ ची. सोलापुरात अशोक चौकाजवळ एका युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये कामाला. सुरुवात डोळ्यापासून झाली. मरून धागा तिला विटकरी दिसायला लागला, सुपरवायझर ओरडला, ही म्हणाली ट्यूबलाईट गेलीय, मग चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून आली. नंबर बरोबरच होता. डोळा हलवला की आत दुखायचं. ते बरं झालं आणि सात महिन्यांनी डाव्या हाताला मुंग्या, कात्री हातातून सुटायची. मग हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणे, एमआरआय, पाच दिवस स्टेरॉइडचं सलाईन आणि नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच मेंदूतल्या आणि डोळ्याच्या नसांवरचं आवरण खायला लागतात तो हा आजार. तरुण वयात येतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतो.

डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली, टेरिफ्लुनोमाइड. दीड वर्षात एमआरआयवर नवीन डाग नाही.

माझ्याकडे आली ती ऐन मे महिन्यात, भावाला घेऊन. आणि मी पहिल्याच दिवशी चूक केली. आजार स्वीकारणं, मन मोकळं करणं, रात्रीची झोप, असं अर्धा तास मीच बोलले. ती ऐकत होती पण तिचं लक्ष मोबाईलवर. शेवटी मोबाईलच पुढे केला. पेशंट लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुण्याच्या एका बाईंचा मेसेज होता, मला सहा महिन्यांनी एकदा सलाईन लागतं, बाकी गोळी नाही काही नाही, ट्रेकला जाऊन आले. खाली फोटो.

भाऊ म्हणाला, "पैसा बघून औषध देऊलालेत ओ मॅडम. आम्ही गरीब म्हणून हलकं दिलं." आणि त्याने एक जाहिरात दाखवली. थुंकी पाठवा, जीन तपासून तुमच्या आजारावर कुठलं औषध चालेल ते सांगतो. अठरा हजार. पैसे जमवलेत म्हणाला, कारखान्यातनं उचल घेतलीय.

आता मी काही डॉक्टर नाही, पण या पेशंटसोबत बसायचं म्हणून वाचून, न्यूरोलॉजिस्टना विचारून जेवढं कळलंय तेवढं सांगितलं. एमएसमध्ये जीन बघून औषध देणं खोटं नाही. सिपोनिमॉड नावाची गोळी आहे, ती सुरू करायच्या आधी सीवायपी२सी९ हा जीन तपासावाच लागतो. काहींच्या शरीरात ती गोळी हळू पचते, त्यांना डोस निम्मा, आणि एका प्रकारात गोळी द्यायचीच नाही. पण ती टेस्ट एवढंच सांगते की ही एक गोळी तुम्हाला किती द्यायची. पंधरा-वीस औषधांतलं तुझं कुठलं हे सांगणारी जीनची टेस्ट आज तरी नाही. भावाचा चेहरा पडला.

गंमत बघा, ज्या टेस्टवर तो चिडला होता तीच खरी त्याच्या बहिणीसाठी केलेली होती. सुरुवातीला रक्तात अॅक्वापोरिन-४ ची अँटीबॉडी आहे का बघितलं होतं, तो म्हणे उगीच खर्च लावला. अहो, ती सापडली तर आजार एमएस नाही, एनएमओ नावाचा दुसराच. तो अगदी एमएससारखाच दिसतो, तिथं पण डोळा जातो, आणि एमएसची इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड ही औषधं एनएमओमध्ये दिली तर आजार उलट वाढू शकतो. ही अँटीबॉडी २००४ मध्ये सापडली, त्याआधी असे कितीतरी लोक एमएस म्हणूनच धरले जायचे.

आणि पैशाचं म्हणाल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. महिना किती मिळतो हे न विचारता चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर दोन महिन्यांची चिठ्ठी लिहितो, तिसऱ्या महिन्यात औषध बंद. पण हलकं-भारी असं नुसतं किमतीवरून ठरत नाही. सलाईनवाल्या औषधाने रक्षण करणाऱ्या पेशींतल्या बी-पेशी कमी होतात, त्याआधी हिपॅटायटिस बी, टीबी तपासतात, नंतर इन्फेक्शन सांभाळावं लागतं. डॉक्टर बघतात आजार किती जोरात आहे, डाग मेंदूत आहेत की मणक्यात पण, दोन अटॅकमध्ये अंतर किती, लिव्हर कसं आहे. आणि अजून एक विचारतात. मूल हवंय का.

हे मी सहज बोलले आणि रेखा एकदम गप्प झाली. भावाला म्हटलं खाली जाऊन चहा सांगा.

मग निघालं ते. पहिल्यांदा गोळी लिहिताना डॉक्टरांनी विचारलं होतं, मुलाचं काही प्लॅनिंग? शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यांनीच सांगून टाकलं, आता कसलं ओ, आधी बरी होऊ द्या. रेखाने मान हलवली. डॉक्टरांनी तेच लिहिलं आणि त्यावरच ती गोळी दिली, कारण ती गोळी गरोदरपणात चालत नाही, बाळाला धोका असतो. सांगितलं पण होतं, हिने ऐकलं होतं, पण लग्नाला पाच वर्षं झाली, जाऊबाईचं दुसरं बाळंतपण झालं, शिवाय गोळीने केस विंचरले की हातात यायचे, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी हिने गुपचूप गोळी बंद केली होती. बाळासाठी. कुणालाच माहीत नाही, नवऱ्याला पण नाही.

मी हादरलेच. कारण ही गोळी आज सोडली आणि उद्या गेली असं होत नाही, रक्तात काही जणांना दोन वर्षंसुद्धा राहते. पाळी कधीची विचारलं, आठ दिवस उशीर. तिच्यासमोरच, तिला विचारून डॉक्टरांना फोन लावला. टेस्ट निगेटिव्ह आली. ती दोन मिनिटं मला अजून आठवतात.

नंतरचं डॉक्टरांनीच केलं. कोलेस्टायरामिनची पावडर ११ दिवस, दिवसातून तीनदा, म्हणजे औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं, मग १४ दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून खात्री, तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत.

उन्हाचं राहिलंच. भर दुपारी कामावरून चालत घरी येताना तिला परत धुरकट दिसायचं, कूलरसमोर बसलं की अर्ध्या तासात साफ. ती धरून बसली होती की औषध फेल गेलं, म्हणून सलाईन पाहिजे. १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरांनी हेच लिहून ठेवलंय. कारण असं, अंग तापलं की आवरण गेलेल्या नसेतून सिग्नल नीट जात नाही, गार झालं की परत जातो. नवीन अटॅक असेल तर त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकतो. तरी ते ठरवणारी मी कोण, गोळी बंद होती म्हणून डॉक्टरांनी तपासलं, नवीन काही नव्हतं. सोलापूरच्या ४३ डिग्रीत हे तिला दीड वर्षात कुणी सांगितलं नाही याचा मला राग आला. युनिटच्या मालकाला मी चिठ्ठी दिली, ती आता सकाळी लवकर जाते.

पुढच्या ओपीडीच्या आधी आम्ही दोघींनी एका कागदावर लिहून काढलं. मूल हवंय, एका वर्षात. केस. सासूबाईंना चार वर्षांपूर्वी टीबी झाला होता, त्या बिड्या वळतात, त्यांना वाटायचं धुळीचा खोकला (हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं!). महिन्याला किती झेपेल. सुई स्वतः टोचून घेता येईल का, तर हो, आयुष्य सुईवर गेलंय म्हणाली. यावेळी नवरा बरोबर गेला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असतो, फार बोलत नाही. डॉक्टरांसमोर म्हणाला, मला वाटलं हिलाच नकोय.

टीबीची टेस्ट झाली, आणि औषध ठरलं ग्लाटिरामर. आठवड्यातून तीनदा कातडीखाली इंजेक्शन. जुनं औषध आहे, अमेरिकेत १९९६ पासून, गरोदरपणातला अनुभव बऱ्यापैकी. ग्रुपवर कुणी त्याचा फोटो टाकत नाही. जोर कमी आहे, अटॅक आला तर बदलावं लागेल हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दिवस गेल्यावर शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक सहसा कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात, हे ऐकून सासूबाईच म्हणाल्या, मग तेवढे महिने बाळ मी बघते.

भावाने थुंकीची टेस्ट केली नाही. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि यांच्याकडे फ्रिजच नव्हता, अठरा हजारातून त्याने एक सेकंडहँड आणला. परवा रेखाच्या मोबाईलवरून सासूबाईंचा फोन, मॅडम, त्या सुयांच्या शेजारी ताकाचं पातेलं ठेवलं तर चालतंय का. म्हटलं चालतंय, फक्त बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका.