प्रायव्हेट इक्विटीच्या रिक्रूटरशी पहिलाच कॉल आहे, तयारी काय करू?

तुम्ही लिहिलंय की सीए झालात, मुंबईत एका फर्मच्या डील टीममध्ये (कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची कामं) दोन वर्षं काढलीत, पुढच्या आठवड्यात प्रायव्हेट इक्विटी फंडासाठी (गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्यांत हिस्सा घेऊन काही वर्षांनी तो विकणारा फंड) माणसं शोधणाऱ्या रिक्रूटरचा वीस मिनिटांचा 'ओळखीचा' कॉल आहे आणि नेमके तेव्हा तुम्ही गणपतीला कुडाळला घरी असाल. वर विचारलंय, 'ओळखीचाच तर कॉल, त्याला एवढी तयारी लागते का?'

लागते. मीही तो ओळखीचा कॉल गणपतीतच घेतला होता, वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावातून. आठवला की अजून कान गरम होतात. एक्सेलमधलं मॉडेल, एका पानाचा रेझ्युमे, एलबीओ (कर्ज काढून कंपनी घेण्याचं गणित) वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही.

आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, घराला लागूनच. बाबा चालवतात. गौरी यायच्या आदल्या रात्री माझा चुलतभाऊ (आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, मुंबईत बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे) मला पडवीत बसवून तयारी करून घेत होता. त्याने कागदावर उत्तरं लिहून दिली. 'मला व्हॅल्यू क्रिएशनची आवड आहे' वगैरे. आणि बजावलं, "गावाचं, कारखान्याचं नाव काढायचं नाही. काजू-बिजू ऐकलं की समोरच्याला वाटेल, काजूवाल्याची पोर आली." बाबा पलीकडे बाकावर बसून माटवीची (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीची) दोरी घट्ट करत होते. सगळं ऐकलं त्यांनी. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादाच्या गाडीतून आम्ही सड्यावर (गावावरच्या उघड्या माळावर) गेलो, कारण तेव्हा घरात रेंज खिडकीच्या एका गजापुरतीच यायची. बाहेर धो धो पाऊस, शेजारी दादा कागद धरून. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग रिक्रूटरने विचारलं, "अशी एक कंपनी सांगा जिच्यात तुम्ही पैसे घालाल." मी पाठ केलेली एक नावाजलेली लिस्टेड कंपनी सांगितली. ती म्हणाली, "छान. पण तिचा मालक फंडाला हिस्सा का विकेल?"

कागदावर हे नव्हतं. मी गप्प. वायपरचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

आणि गंमत बघा, मालक हिस्सा का विकतो आणि का विकत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. काजूची बी बाजारात येते फेब्रुवारी-मार्चपासून मेअखेरीपर्यंत. वर्षभर गर काढायचा तर सगळी बी त्या तीन महिन्यांत रोखीने घेऊन ठेवावी लागते. म्हणजे जूनमध्ये बाबांकडे गोदाम भरलेलं, कॅश क्रेडिट (बँकेने धंद्यासाठी दिलेली उचल) संपलेलं आणि दिवाळीची मागणी चार महिने लांब. शंभर किलो बीतून पंचवीस-तीस किलो गर निघतो, त्यात दोनशे चाळीस नंबरचा (मोठा गर) किती, तीनशे वीसचा (त्याहून लहान) किती आणि पाकळी-तुकडा किती, यावर वर्ष ठरतं. आफ्रिकेतली बी स्वस्तात आली की आपल्या घेतलेल्या बीचा भाव पडतो, व्याज मात्र पडत नाही. नफा कागदावर, पैसा पोत्यात. एबिट्डा (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीचा नफा) आणि हातात येणारी रोकड यांतला फरक मला कुठल्या कोर्सने शिकवला नव्हता, तो आमच्या गोदामात थप्पी लावून ठेवलेला होता. एका निर्यातदाराने बाबांना भागीदारीचं विचारलंही होतं. नको म्हणाले, कारण काकांची सही लागली असती आणि दोघांचं तेव्हा बोलणं बंद होतं. यापेक्षा खरं उत्तर त्या प्रश्नाला कुठलं असणार? पण दादाने सांगितलं होतं ना, काजू काढायचा नाही.

मग तिने पगाराची अपेक्षा विचारली. मी घाईत एक आकडा बोलून टाकला. ती इतक्या चटकन 'चालेल' म्हणाली की चूक तिथेच कळली. 'तुमचं नाव लक्षात ठेवू' असा मेसेज आला आणि विषय संपला.

तर तयारी. पहिलं म्हणजे समोरची बाई किंवा बुवा कोणाचा, ते समजून घ्या. आमची थोडी हापूसची कलमं आहेत. वाशीच्या बाजारातून पट्टी (विकलेल्या आंब्याचा हिशेब) आली की बाबा चष्मा लावून दलाली, हमाली, भाडं एकेक ओळ वाचायचे आणि म्हणायचे, "दलाल कोणाचो? जेचे पैशे, तेचो." रिक्रूटरला पैसे फंड देतो. तुमच्याकडून तो छदामही घेत नाही, म्हणून तो तुमचा नाही. तो वाईट असतो असं नाही, पण त्याला फंडातल्या माणसाला तुमच्याबद्दल दोन वाक्यं सांगायची असतात. ती दोन वाक्यं तुम्ही पुरवली नाहीत तर तो रेझ्युमेवरची कॉलेजं वाचून दाखवेल, आणि तिथे तुमच्यापेक्षा भारी कॉलेजवाले शंभर आहेत.

स्वतःच्या कामातल्या दोन डील अशा तयार ठेवा की झोपेतून उठवलं तरी सांगाल: कंपनी काय करते, विक्री किती, मार्जिन किती, घेणाऱ्याने का घेतली, त्यात तुम्ही स्वतः काय केलं ('आम्ही केलं' नको), आणि तुमचे पैसे असते तर घातले असते का. शेवटच्या प्रश्नावर सीए लोक हमखास अडतात, आपल्याला चुका काढायची सवय, होय-नाही सांगायची नाही. चालू असलेल्या किंवा जाहीर न झालेल्या डीलचं नाव घेऊ नका, 'दक्षिणेतली एक औषध कंपनी' एवढं पुरे. नाव फोडलंत तर उद्या त्यांचंही फोडाल, असाच अर्थ निघतो.

आकडेमोड तोंडी हवी. पाच वर्षांत पैसे दुप्पट म्हणजे साधारण 15 टक्के आयआरआर (वर्षाला चक्रवाढीने पडणारा परतावा), तिप्पट म्हणजे 25 च्या आसपास. कसला फंड हवा तेही ठरवून जा. 'कुठलाही चालेल' म्हणणाऱ्याला रिक्रूटर कुठेच पाठवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे शेअर विकत घ्यायला कर्ज देण्यावर इथल्या बँकांना वर्षानुवर्षं कडक बंधनं होती, त्यामुळे अमेरिकी पुस्तकातला कर्ज काढून कंपनी घ्यायचा खेळ आपल्याकडे कमी आणि मालकाला सोबत ठेवून हिस्सा घेण्याचे सौदे जास्त. तेव्हा मालकाशी बोलता येणं हे इथे मोठं भांडवल आहे. कोकणातल्या माणसाला भावकीतला जमिनीचा वाद बघून ते आपोआप येतं!

सध्याचा पगार आणि नोटिस पिरियड विचारला तर खरं तेच सांगा. अपेक्षा विचारली तर आधी त्या पदाला पगार किती ते किती ठरलाय ते विचारा, माझ्यासारखं बरळू नका. आणि तुमच्या परवानगीशिवाय रेझ्युमे कुठे पाठवायचा नाही, हे स्पष्ट सांगा. एकाच फंडाकडे दोन रिक्रूटरकडून तुमचं नाव गेलं की फी कोणाची यावर त्यांचं भांडण लागतं आणि त्यात बाद होता तुम्ही.

दुसरा कॉल मला वर्षाने आला, दुसऱ्या रिक्रूटरचा. तेव्हा शेजारी दादा नव्हता. तिनेही 'एखादी कंपनी सांगा' विचारलं आणि मी सरळ आमचा कारखाना सांगितला: पोती, व्याज, काका, सगळं. फंडाने यात पैसे का घालू नयेत, हेही सांगितलं. वीस मिनिटांचा कॉल पाऊण तास चालला. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, म्हणून घेतलेलं चार-सहा वर्षांत विकावंच लागतं, हे मी बाबांना समजावलं होतं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "परत इकूचाच आसा तर घेतत कित्याक?" तोच प्रश्न तिने विचारला, इंग्रजीतून. उत्तर तयार होतं. मधल्या काळात धंद्यात नेमकं काय बदलणार आणि पुढे कोण घेणार, एवढं सांगता आलं पाहिजे.

आता हे सगळं माझ्या एकटीच्या अनुभवावरून, आणि मध्यम आकाराच्या देशी फंडांबद्दल. परदेशी मोठ्या फंडांचे रिक्रूटर याहून रुक्ष असतात, तिथे घरच्या गोष्टींना वेळ नसतो. घरी धंदा नसेल तर उगाच आजोबांची बाग जोडू नका, दुसऱ्या प्रश्नात उघडं पडतं. आणि दादाने लिहून दिलेलं सगळंच टाकाऊ नव्हतं, 'तीन मिनिटांत स्वतःबद्दल सांग' त्यानेच बसवून घेतलं होतं, ते अजून वापरते.

पण काजूच्या बाबतीत तो चुकला, आणि हे तो वाचणार आहे म्हणून इथेच लिहिते. त्याचं म्हणणं अजून तेच: "सांगितलंस ना काजूचं, मिळाली का ती नोकरी?" नाही मिळाली. पण चार महिन्यांनी त्याच रिक्रूटरने दुसऱ्या फंडासाठी फोन केला, जिथे मी आता आहे. नाव सांगायच्या आधीच तिने विचारलं, "तुम्ही त्या काजूवाल्या ना?"