किल्लेकोट केलेल्या राजासमोरच्या कमकुवत घरांचा फायदा कसा घ्यावा?

तुमचा बुद्धिबळातला प्रश्न असा आहे: समोरचा काळ्या मोहऱ्यांनी जी६ खेळतो, म्हणजे जी७ वरचं प्यादं एक घर पुढे सरकवतो (अक्षर म्हणजे उभी रेषा, अंक म्हणजे आडवी रांग), जी७ वर उंट ठेवून किल्लेकोट करतो, म्हणजे राजा हत्तीसोबत कोपऱ्याकडे नेतो, एफ६ आणि एच६ कमकुवत झालेली दिसतात, पण पुढे काय करायचं ते सुचत नाही.

आधी त्या उंटाचा बंदोबस्त करा. जी७ वरचं प्यादं या दोन्ही काळ्या घरांवर पहारा देत होतं. ते पुढे सरकलं की पहारा उंटाकडे येतो, आणि तो पटावर आहे तोवर घरं नावालाच कमकुवत असतात. म्हणून आपला काळ्या घरांचा उंट वजिराच्या जोराने एच६ वर आणायचा आणि उंटांची मारामारी करायची. त्याचा घोडा एफ६ वर परत येऊ शकत असेल, तर तोही आधी मिटवायला हवा. यानंतर वजिरावजिरी, म्हणजे वजिरांची मारामारी, मात्र टाळा, हल्ल्याची सगळी धार वजिरातच असते.

इंग्लंडचा नायजेल शॉर्ट (पांढरा) विरुद्ध नेदरलँड्सचा यान टिमन (काळा) हा ग्रँडमास्टरांमधला डाव, टिलबर्ग स्पर्धा १९९१, पटावर मांडून बघाच. टिमनने अलेखाइन बचाव, म्हणजे घोड्याने सुरू होणारा काळ्याचा डाव, खेळला होता. टिमनने आपला घोडा शॉर्टच्या पांढऱ्या घरांच्या उंटावर खर्च केला. २७व्या खेळीला शॉर्टने जी७ वरचा उंट मारला आणि २९व्या खेळीला वजीर एफ६ वर शह देत बसला. तिथून त्याला हुसकायला टिमनकडे काहीच नव्हतं: प्यादी ई६, एफ७, जी६ वर, उरलेला उंट पांढऱ्या घरांचा. त्यात शॉर्टने प्यादं एच४ वर नेलं तेव्हा त्याने आपलं प्यादं एच५ वर नेलं, म्हणजे ते एच६ वर ठेवून जी५ राखायची सोयही गेली.

पण एकटा वजीर मात करू शकत नाही, हल्ल्यात आणखी एक मोहरा लागतो, आणि बहुतेकांचे हल्ले इथेच अडतात. शॉर्टचा घोडा एफ३ वरून हलला असता, तर टिमनच्या वजिराने बी७ वरच्या उंटाच्या जोरावर जी२ वर मात केली असती. हत्ती डी रेषा धरून होते. मोकळा होता फक्त राजा! तो ३१व्या खेळीला निघाला: एच२, जी३, एफ४, जी५. ही सगळी काळी घरं, टिमनच्या उंटाला तिथे शह देताच येत नव्हता. डी७ वरचा हत्ती आणि वजीर एफ७ वर रोखलेले, त्यामुळे टिमनचा एफ८ वरचा हत्ती जागचा हलेना. दुसरा हत्ती तो नुसता सी८ वर नेऊन ई८ वर परत आणत राहिला. ३४व्या खेळीला राजा जी५ वर पोचला आणि टिमनने डाव सोडला. त्याने डी७ वरचा हत्ती मारला असता, तरी राजा एच६ वर आणि मग वजीर जी७ वर मात. मला हा बुद्धिबळातला सर्वात सुंदर हल्ला वाटतो.

राजा असा बाहेर काढायची संधी तुम्हाला क्वचितच मिळेल. बहुतेक वेळा दुसरा मोहरा म्हणजे जी५ किंवा जी४ कडे जाणारा घोडा, नाहीतर तिसऱ्या रांगेतून एच रेषेवर येणारा हत्ती. वजीर एफ६ किंवा एच६ वर बसला की शह देत सुटू नका, हा दुसरा मोहरा कुठल्या वाटेने येईल तेवढंच शोधा.