सेबूत वर्षभर राहायचं आहे. एस्क्रिमा कुठे शिकावा आणि सराव करणारी माणसं कशी भेटतील?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: ऑफिसच्या कामासाठी वर्षभर फिलिपिन्समधल्या सेबू शहरात जायचं आहे, वय पस्तिशीपुढे, लहानपणी गावात लाठी-काठी शिकलेले आहात, तिथे ओळखीचं कुणी नाही आणि एस्क्रिमाची, म्हणजे तिथल्या काठी-सुऱ्याच्या युद्धकलेची, 'सगळ्यात परिणामकारक शैली' कोणती ते हवं आहे. मी काही वर्षं नोकरीनिमित्त सेबूतच होतो आणि एका लहानशा क्लबात शिकलो, तेव्हा अनुभवावरून सांगतो.

शैलीचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. राहत्या जागेपासून अर्ध्या तासात पोचता येईल असा क्लब, आणि आठवड्यातून दोनदा तुमच्यासमोर काठी घेऊन उभा राहील असा एक माणूस, एवढं जमलं तर वर्ष सार्थकी लागेल. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. एस्क्रिमा जवळजवळ सगळा जोडीने शिकला जातो. एकजण फटका 'भरवतो', म्हणजे सरावासाठी मारून देतो, दुसरा तो अडवतो, डाव्या हाताने काठी किंवा मनगट दाबतो, परत मारतो, मग पहिला त्याला उत्तर देतो. भरवणाऱ्याचा फटका लटका असेल, म्हणजे तुमच्या डोक्यापासून वीतभर लांबून जाणारा असेल, तर तुमचा बचाव कितीही देखणा दिसो, तो खोटाच. म्हणून तिथे जुने लोक नवख्याची मारायची पद्धत कमी बघतात आणि भरवायची पद्धत जास्त. अंतर बरोबर, वेग समोरच्याला झेपेल इतका, आणि नेम खरोखर डोक्यावर. हे ज्याला जमतं त्याला जोडीदार शोधावे लागत नाहीत. लोक आपणहून 'ये, थोडं खेळू' म्हणतात. तुमचा ओळखी करायचा प्रश्न आणि सरावाचा प्रश्न इथे एकच होऊन जातो.

आता सेबूचं. देशभर या विद्येला आर्निस म्हणतात, परदेशात काली हे नाव जास्त चालतं, सेबूत मात्र एस्क्रिमा. 2009 साली झालेल्या कायद्याने आर्निस हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरला. शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही तो आहे, त्यामुळे ऑफिसातल्या विशी-पंचविशीच्या मुलामुलींपैकी कुणीतरी शाळेत काठी फिरवलेली असते. तरी भेटेल त्या फिलिपिनो माणसाला 'तुला एस्क्रिमा येतो का' असं विचारत सुटू नका. परदेशात कुणी आपल्याला पाहताक्षणी 'योगा करता ना?' विचारलं की जसं वाटतं, तसंच त्यांना वाटतं. 'इथे जवळपास कुणी शिकवतं का' एवढं विचारा. बहुधा कुणाचा तरी काका निघतो.

सेबूत दोन नावं तुमच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडतील. दोसे पारेस हा क्लब 1932 साली सावेद्रा आणि कान्येते या घराण्यांनी पुढाकार घेऊन काढला. त्याआधी 1920 च्या दशकात लाबांगोन भागात एक क्लब होता, तो मोडल्यावर हा उभा राहिला. कान्येते घराण्यातले सिरियाको ऊर्फ काकोय हे त्यांचं सर्वांत गाजलेलं नाव. ते 2016 साली वारले, तेव्हा वयाची शहाण्णवी उलटली होती. दुसरं नाव बालिंतावाक. वेनान्सियो ऊर्फ आनसियोंग बाकोन हे आधी दोसे पारेसमध्येच होते. मतभेद झाले, ते बाहेर पडले आणि 1952 च्या सुमारास बालिंतावाक नावाच्या रस्त्यावर एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या जागेत शिकवू लागले. नाव रस्त्याचंच पडलं. पुढे या दोन गटांत आव्हानं, लढती, भांडणं, सगळं झालं. ही माणसं आता नाहीत, पण त्यांच्या शिष्यांचे शिष्य आहेत आणि त्यांच्या आठवणी ताज्या आहेत. कोण कुणाकडून हरला हा विषय तुम्ही चुकूनही काढू नका. दुसऱ्याने काढला तर ऐकून घ्या, मान हलवा, मत देऊ नका.

दोन्हीकडचा सराव मात्र वेगळा वाटतो. बालिंतावाकमध्ये एकच काठी, अंतर अगदी जवळचं, आणि डावा हात सतत कामात. मास्तर एका वेळी एकालाच समोर घेतात आणि फटके भरवत राहतात. काय येणार ते तुम्हाला ठाऊक नसतं. पहिले काही आठवडे डोकं बधिर होतं. नंतर काही मास्तरांनी फटक्यांचे गट पाडून शिकवायची पद्धत बसवली. तुमच्या वयाला आणि वेळेला तीच बरी. दोसे पारेसमध्ये पसारा मोठा आहे: एक काठी, दोन काठ्या, काठी आणि सुरा, पकडी, फेकी, आणि स्पर्धेची तयारीही. माझा कल बालिंतावाककडे आहे, कारण वर्षभरात हातात काहीतरी पक्कं येतं. पण तुम्हाला सिनावाली, म्हणजे दोन काठ्यांनी ठरलेल्या क्रमाने मारायचे फटके, आवडली तर खुशाल दोसे पारेसमध्ये जा.

स्पर्धेबद्दल थोडं, कारण क्लबात गेल्यावर तुम्हाला विचारतीलच. 1989 साली सेबूत पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हापासून गजांचं हेल्मेट आणि जाड गादीचा अंगरखा घालून खऱ्या वेताने खेळायचा प्रकार रुळला. 2019 च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत आर्निसची 20 सुवर्णपदकं होती, त्यातली 14 यजमान फिलिपिन्सनेच नेली. स्पर्धा बघायला जरूर जा, माणसं जोडायला त्याहून चांगली जागा नाही. पण गादी अंगावर असली की लोक अडवायचं सोडून नुसतं बडवत सुटतात, असं माझं मत आहे, आणि क्लबातल्या अनेक म्हाताऱ्यांचंही.

लाठी-काठीचा तुम्हाला उपयोग होईल का? पायांना होईल. काठीची भीती गेलेली असते, तोही फायदा. अडचण मनगटाची. लाठी दोन्ही हातांनी फिरते, ताकद खांद्यातून आणि कमरेतून येते. दांडपट्ट्यात तर हात खोबळ्यात बंद, मनगट वळतच नाही. एस्क्रिमातला आबानिको नावाचा फटका मात्र निव्वळ मनगटाच्या वळणावर चालतो, काठी पंख्यासारखी इकडून तिकडे डोक्याच्या दोन्ही बाजूंना लागते. लाठीवाले तिथे हात आखडतात आणि कोपर दुखवून घेतात. मूठ सैल ठेवा, फटका लागायच्या क्षणीच आवळा, आणि काठीच्या बुडाशी तीनचार बोटं जागा मोकळी सोडा. त्या बुडाला पुन्यो म्हणतात, जवळ आल्यावर त्यानेही मारतात.

काठी तिथेच घ्या, इथून नेऊ नका. साधारण 28 इंच, म्हणजे 71 सेंटीमीटर, जाडी इंचभर, वेताची. वेत भरीव आणि तंतूंचा असतो. खूप मार खाल्ला की तो पिंजतो, झाडूसारखा होतो, पण बांबूसारखा फुटून त्याच्या चिरफळ्या डोळ्यात उडत नाहीत. सराव जोरात चालला की दोन वेतांच्या घर्षणाचा जळका वास येतो. कामागोंग नावाच्या काळ्या, जड लाकडाच्या काठ्या दुकानात दिसतील. सुंदर असतात. भिंतीवर लावा, जोडीदारावर चालवू नका. डोळ्यांना साधा प्लॅस्टिकचा चष्मा घाला, कुणी घालत नसलं तरी घाला. बोटं फुटतातच. पूर्वी तर सरावात समोरच्याच्या हातावरच मारायचे, आणि त्यामुळे पोरं यायची बंद झाली. नेग्रोस बेटावरच्या रेमी प्रेसास यांनी सरावात हाताऐवजी काठीवर काठी मारायची पद्धत लोकप्रिय केली, आणि त्यांचा 'मॉडर्न आर्निस' शाळा-कॉलेजांतून पसरला.

सुऱ्याचा सराव लाकडी किंवा रबरी सुऱ्यानेच होतो. खरा सुरा पिशवीत घालून फिरू नका, धारदार हत्यार कामधंद्याच्या कारणाशिवाय घराबाहेर बाळगायला तिथे कायद्याने बंदी आहे.

एकट्याने काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. कॉन्डोची छतं खाली असतात आणि पंखा असतो, तेव्हा गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये जा, आणि सकाळी सहाच्या आत, नंतर उकाडा सोसत नाही. बहुतेक पद्धतींत फटक्यांचे कोन आकड्यांनी मोजतात, बाराचा संच सर्वांत जास्त भेटतो. रोज तोच संच, सावकाश, पाय बरोबर पडतोय का बघत. जमिनीवर खडूने त्रिकोण काढा आणि त्याच्या बाजूंवरून पाय टाका. फटक्याच्या रेषेतून बाहेर कसं निघायचं ते पायाला तिथेच कळतं. दोन काठ्या असतील तर सहा मात्रांची सिनावाली: उजवा सरळ, डावा उलटा, उजवा उलटा, मग तेच डावीकडून. जुनं टायर टांगता आलं तर उत्तम, नुसत्या हवेत मारून फटक्याला वजन येत नाही. पण हे सगळं पंधरा-वीस मिनिटं पुरे. एकट्याने फार केलं की हात आपल्याच तालाला सोकावतो, आणि समोरचा माणूस त्या तालावर चालत नाही.

क्लबात वागायचं कसं, हे मी जास्त महत्त्वाचं मानतो. पहिल्या दिवशी नुसतं बघायला जा. फी किती, दिवस कोणते, हे मोकळेपणी विचारा, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. मास्तरांना आणि वडीलधाऱ्या पुरुषांना 'नोंग' लावून नाव घ्या, आपल्याकडे दादा-अण्णा लावतो त्या मानाने. मोबाइलवर चित्रण करण्याआधी परवानगी घ्या. आपलं खास काही चारचौघांत जावं असं सगळ्यांना वाटत नाही. दुसऱ्या क्लबात डोकावायचं असेल तर आधी आपल्या मास्तरांना सांगा. बहुतेक वेळा ते हो म्हणतात, कधीकधी स्वतःच घेऊन जातात. न सांगता गेलात तर सेबू शहर मोठं असलं तरी एस्क्रिमाचं सेबू फार लहान आहे, संध्याकाळपर्यंत बातमी पोचते. 'हिनाय-हिनाय' हा शब्द सतत ऐकू येईल, सावकाश, सावकाश. तो तुम्हालाच उद्देशून असतो.

सराव संपला की लगेच निघू नका. खरी ओळख तिथून पुढे होते. कुणीतरी भाजलेलं मटण-मासळी आणतं, झावळीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला 'पुसो' भात असतो, बिअर असते. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर नुसत्या भातावर बसावं लागेल आणि यजमानाला अवघडल्यासारखं होईल. पुढच्या वेळी तुम्हीही काहीतरी घेऊन जा. माझे बेसनाचे लाडू तिथे चांगले खपले.

मनिलाला जाणं झालं तर रविवारी सकाळी लुनेता, म्हणजे रिझाल पार्कात चक्कर मारा. तिथे झाडांखाली वेगवेगळे गट काठ्या घेऊन सराव करत असतात. थांबून बघणाऱ्याशी कुणी ना कुणी बोलतंच. सेबूजवळच्या माक्तान बेटावर तिथल्या जुन्या सरदाराचा, लापुलापूचा पुतळा आहे, तोही बघाल. 27 एप्रिल 1521 रोजी तिथल्या लढाईत स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख मॅगेलन मारला गेला, आणि 'लापुलापूने त्याला एस्क्रिमानेच मारलं' हे तुम्हाला अभिमानाने सांगितलं जाईल. त्या मोहिमेत असलेल्या पिगाफेट्टाच्या वृत्तांतात भाले, बाण, मोठी तलवार आहे, कुठल्या विद्येचं नाव नाही. पण पुतळ्यासमोर हा वाद घालू नका.

वर्ष संपल्यावर काय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ही विद्या जगभर गेली ती कामासाठी बाहेर पडलेल्या माणसांबरोबरच. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबायला गेलेल्यांनी ती नेली, बरीच वर्षं आपापसांतच ठेवली, आणि 1966 साली आंखेल काबालेस यांनी स्टॉकटन गावात सगळ्यांसाठी शाळा उघडली. आजही दुबईला, जहाजावर, कॅलिफोर्नियात, जिथे फिलिपिनो माणसं कामाला आहेत तिथे चौकशी केली तर कुणीतरी सापडतं. परत पुण्याला किंवा कोल्हापूरला आलात तर मर्दानी खेळाच्या आखाड्यात जा. माझा सध्याचा जोडीदार लाठीवालाच आहे. त्याला मी फटके भरवायला शिकवलं, त्याने मला लाठीचं अंतर. निघण्याआधी सेबूतून चार-पाच जोड्या वेताच्या काठ्या मात्र आणा, आणि विमानात त्या मोठ्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत घेऊ देत नाहीत.