वाचकांचे प्रश्न : कंपनीचा व्याप आणि अध्यक्षांचा वेळ

प्रश्न : मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचा अध्यक्ष आहे. आमचे गोदाम आणि डाळमिल आहे. सोयाबीनच्या हंगामात सकाळपासून फोन सुरू होतात. सभासद, व्यापारी, बँक, कृषी विभाग यांतच दिवस सरतो आणि पुढच्या वर्षाच्या नियोजनाला हात लागत नाही. वेळेची घडी कशी बसवावी?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ही अडचण आपल्या एकट्याची नाही. हार्वर्डचे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी मोठ्या कंपन्यांच्या २७ प्रमुखांच्या वेळेची प्रत्येकी १३ आठवडे नोंद करून घेतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचा ७२ टक्के वेळ बैठकांत जात असल्याचे आणि त्याच एकूण वेळेची दुसऱ्या अंगाने विभागणी केली, तर सुमारे ३६ टक्के वेळ ऐनवेळी उद्भवलेल्या कामांत जात असल्याचे दिसले. मदतीला माणसे असूनही ही स्थिती होती, तेव्हा आणखी लवकर उठून आपला प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही.

कोणता निर्णय आपल्यापर्यंत यावा आणि कोणता येऊ नये, हे आधी ठरवावे लागेल. काट्यापाशी ओलाव्यावरून वाद झाला की प्रतवारी करणारा मुलगा फोन लावतो, "भाऊ, मीटर चौदा दाखवून रायलं, माल घेऊ का?" हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते; शासनाने त्या हंगामापुरती सवलत दिली असेल, तर तीही लेखी असते. ती मर्यादा, माल परत नेऊन वाळवून आणण्याची मुभा आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव काट्याजवळच्या फलकावर लिहून लावले, तर यांतील बहुतेक फोन येणारच नाहीत. ओळखीच्या सभासदासाठी मात्र आपण एकदा जरी नियम वाकवला, तरी दुसऱ्या दिवशी सगळे फोन पुन्हा आपल्याकडेच येतील.

कायद्यालाही हीच विभागणी अपेक्षित आहे. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि दैनंदिन कारभार त्याने पाहायचा असतो. संचालक मंडळाची बैठक किमान दर तीन महिन्यांनी व्हावी लागते. हा अधिकारी केवळ सह्यांपुरता उरला असेल, तर त्याच्या खर्चाच्या अधिकाराची मर्यादा मंडळाच्या ठरावाने ठरवून द्यावी आणि त्या मर्यादेतील कामात आपण लक्ष घालू नये.

सभासदांना भेट नाकारावी, असा सल्ला मी देणार नाही. आपल्या भागात अध्यक्ष भेटतो, म्हणूनच लोक कंपनीवर विश्वास ठेवतात. आठवडी बाजाराच्या दिवशी गावोगावचे सभासद तालुक्याला येतातच. तो दिवस पूर्णपणे भेटींसाठी ठेवून इतर दिवशी दुपारची एक ठरलेली वेळ द्यावी. सकाळचे पहिले दोन तास नियोजन, हिशेब आणि बँकेच्या कागदपत्रांसाठी राखून ठेवावेत आणि त्या वेळात फोन कार्यालयातील दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावा.

खेळते भांडवल, बारदाना आणि गोदामाची दुरुस्ती हे विषय मात्र हंगामात काढूच नयेत. पोळ्यापूर्वीच्या बैठकीत त्यांचा निकाल लागला, तर ऑक्टोबरमध्ये आवक वाढल्यावर आपल्याला काट्यावरही जाता येईल आणि तुरीच्या खरेदीची तयारीही वेळेवर सुरू करता येईल.