बी.बी.ए. चालू असताना एक सेमिस्टर युरोपात करायचं तर बडोद्याहून सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात बी.बी.ए.च्या तिसऱ्या सेमिस्टरला आहात, पाचवं सेमिस्टर युरोपात करायचंय, वर्ष वाया जाता कामा नये आणि खर्च आवाक्यात हवा. जमतं. फक्त सगळे आधी व्हिसा आणि आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या मागे लागतात, आणि गाडी अडते ती कॅलेंडर नि विषयांच्या मेळावर. म्हणून मी त्याच बाजूने सुरुवात करतो.

कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. विद्यार्थी पाठवण्याचा कोणता करार आज चालू आहे? तो आपल्या फॅकल्टीला लागू आहे का? यंदा जागा किती? नुसत्या सामंजस्य कराराच्या फोटोवर जाऊ नका. त्यात पुष्कळदा ‘सहकार्य करू’ एवढंच असतं. एक्स्चेंजचा करार असला तर फी इथेच भरायची, तिकडची माफ होते. राहणं, जेवण, विमान, विमा आपल्या खिशातून. एजंट जे ‘सेमिस्टर अब्रॉड’ म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा तिकडचीही फी भरावी लागते, आणि फरक हजारो युरोंचा असतो. करार इरास्मस प्लसचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेचा, असेल तर तुमचं नशीब: महिन्याला 800 ते 900 युरोच्या घरात भत्ता आणि प्रवासखर्चाला मदत. पण त्यासाठी तुमचं तुम्ही फॉर्म भरून चालत नाही, कॉलेजनेच नाव पाठवावं लागतं. अटी नीट वाचून सही करा; 1913 साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या आंबेडकरांनाही महिना साडेअकरा पौंडांच्या बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार करावा लागला होता.

आता कॅलेंडर. आपलं पाचवं सेमिस्टर जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं आणि लगेच सहावं लागतं. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे परत येईपर्यंत सहाव्याचे दोन महिने गेलेले. फिनलंड आणि फ्रान्समध्ये शरद सत्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरला लागून बहुतेक ठिकाणी डिसेंबरात उरकतं. पाचव्या सेमिस्टरसाठी माझी पसंती हीच दोन. नेदरलँड्समध्ये सत्र जानेवारीअखेरपर्यंत लांबतं. तिथे परीक्षा लवकर देता येईल का ते आधीच लेखी विचारा.

सगळ्यात जास्त वेळ विषयांवर घालवा. लर्निंग अॅग्रीमेंट नावाच्या कागदात दोन तक्ते असतात: ‘अ’मध्ये तिकडे घेणार ते कोर्स, ‘ब’मध्ये त्याबदल्यात इथले कोणते विषय सुटतात ते. तुमची, इथली आणि तिकडची अशा तीन सह्या लागतात. तिकडे एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट) धरतात, आपल्याकडे 20-22 क्रेडिट. मोजमाप वेगळं आहे: आपलं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, तर एक ईसीटीएस म्हणजे घरचा अभ्यास, प्रोजेक्ट धरून 25 ते 30 तास. म्हणून एकास एक मांडू नका. ढोबळमानाने 6 ईसीटीएसला इथली 4 क्रेडिट बसतात, आणि तिकडचे बरेच कोर्स 3 किंवा 5 ईसीटीएसचे असल्यामुळे दोन मिळून आपला एक विषय भरतो.

मार्केटिंग, एच.आर., इंटरनॅशनल बिझनेस, स्ट्रॅटेजी हे सहज जुळतं. आयकर, जीएसटी, कंपनी कायदा कुठेच जुळणार नाही, कारण तो भारतीय कायदा आहे. पाचव्यात असा विषय असेल तर तो परतल्यावर द्यायचा की दुसऱ्या सेमिस्टरला सरकवायचा, हे निघण्याआधी ठरवून घ्या. तिकडची इंग्रजीतली कोर्सयादी कच्ची असते, दोन कोर्स एकाच वेळेला येतात, एखादा रद्द होतो. म्हणून दोन-तीन जादा कोर्सही आधीच मंजूर करून ठेवा. हजेरीचंही तसंच. तुमचं नाव इथल्या पटावर असतं आणि खाली शून्य हजेरी दिसते. डीनची लेखी परवानगी फाईलला लागलेली नसेल तर परीक्षा विभाग अडवणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही.

गुणांचं कलम बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 म्हणजे पास आणि 14 म्हणजे उत्तम. कुणी कारकुनी पद्धतीने 13 भागिले 20 केलं तर 65 टक्के लागतात आणि चांगल्या मुलाचा सीजीपीए खाली येतो. जर्मनीत 1 सर्वोत्तम, 4 काठावर पास. रूपांतराचा तक्ता करारात नसेल तर ‘फक्त क्रेडिट घ्यावं, गुण सरासरीत धरू नयेत’ असा अर्ज द्या.

वेळापत्रक असं ठेवा. पासपोर्ट आत्ता. दिवाळीच्या आसपास कॉलेजात अर्ज, जानेवारी-फेब्रुवारीत निवड. एप्रिलच्या सुमारास कॉलेज नाव पाठवेल, मेमध्ये तिकडचा अर्ज, जून-जुलैत व्हिसा. फ्रान्सला जायचं तर व्हिसाआधी कॅम्पस फ्रान्स या तिथल्या सरकारी संस्थेची मुलाखत असते. तिथे खर्चासाठी महिन्याला किमान 615 युरो दाखवावे लागतात, म्हणजे पाच महिन्यांचे 3075. खोलीचा अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी करा. आयेल्ट्स दोन वर्षंच चालतं, तेव्हा फार आधी देऊ नका. काही ठिकाणी शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं कॉलेजचं पत्रही पुरतं, ते विचारून बघा.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत कागदावर एक खास गोची असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, म्हणून तिकडचे ‘कदम’ला पहिलं नाव समजतात. जन्मदाखल्यावर बाबा ‘राजेशभाई’, पासपोर्टवर नुसते ‘राजेश’. एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, गुजराती दाखल्याचं इंग्रजी भाषांतरही; आणि प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा.

करारच नसेल तर? मग एक्स-कल्चरसारखा प्रकल्प बघा: वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांची टीम काही आठवडे एका कंपनीच्या खऱ्या प्रश्नावर ऑनलाइन काम करते. नोंदणी प्राध्यापकांनी वर्गासाठी करायची असते, तेव्हा सरांना किंवा मॅडमना गाठा. मीटिंग ठरवताना एक ध्यानात ठेवा: मध्य युरोप उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. तिकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि त्या आठवड्यातली पहिली मीटिंग हटकून चुकते.